मेंदूचे एकात एक बसणारे पृष्ठभाग व्हॉक्सेलमध्ये कसे उतरवायचे

जानेवारी उजाडला की पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांमधली शेवटच्या वर्षाची मुलं प्रकल्पासाठी आमच्याकडे येऊ लागतात. यंदा आलेल्या एका मुलीने तिसऱ्याच दिवशी लॅपटॉप माझ्यासमोर आणून ठेवला. "ताई, प्रोग्राम पूर्ण चालला, एकही एरर नाही. पण मेंदू कपाळातून बाहेर आलाय." खरंच आला होता. राखाडी रंगाची झालर कवटी आणि त्वचा भेदून भुवयांच्या पुढे चांगली सेंटिमीटरभर डोकावत होती.

मी तिला म्हटलं, तुझी चूक मोठी आहे म्हणून ती दिसली. माझी अशीच चूक चार मिलिमीटरची होती, त्यामुळे दोन आठवडे माझ्या लक्षातच आली नाही. हा लेख लिहायला घेतला तो त्यासाठीच. एखादा बिंदू मेशच्या, म्हणजे त्रिकोणांनी विणलेल्या पृष्ठभागाच्या, आत आहे की बाहेर, हे ठरवणारं गणित आज तयार मिळतं. आपली मेश आणि आपलं ग्रिड, म्हणजे ज्या छोट्या घनांत (व्हॉक्सेलांत) ती उतरवायची त्यांची रचना, एकाच जागेत उभी आहेत का, हे मात्र आपल्यालाच पाहावं लागतं, आणि नवशिक्यांचे बहुतेक दिवस तिथेच जातात.

आपल्याकडे काय असतं, काय हवं असतं

नारळ डोळ्यांसमोर आणा. बाहेर काथ्या, आत करवंटी, मग खोबरं, मग पाणी. डोकंही तसंच: त्वचा, कवटी, मेंदूजल, राखाडी द्रव्य आणि सर्वांत आत श्वेत द्रव्य. एमआरआयवरून फ्रीसर्फरसारखी साधनं या थरांच्या सीमा शोधून देतात. प्रत्येक सीमा ही त्रिकोणांची एक मेश असते. डोक्याची बाहेरची त्वचा, कवटीची बाहेरची बाजू, कवटीची आतली बाजू, मेंदूचा बाहेरचा पृष्ठभाग म्हणजे पिअल आणि राखाडी-श्वेत द्रव्यांमधली सीमा म्हणजे व्हाइट. शेवटच्या दोन मेश डाव्या-उजव्या गोलार्धांसाठी वेगवेगळ्या असतात, त्यामुळे एकूण सात फायली होतात.

मेश म्हणजे फक्त साल. आत काय भरलं आहे हे तिला माहीत नसतं. काही कामांना मात्र भरलेला ठोकळा लागतो, म्हणजे एक मिलिमीटरच्या घनांची रचना आणि प्रत्येक घनात एक आकडा. जवळच्या-अवरक्त प्रकाशाचा डोक्यातला प्रवास मॉन्टे कार्लो पद्धतीने मोजायचा असेल, विद्युतचुंबकीय क्षेत्राचं चौकोनी ग्रिडवरचं गणित करायचं असेल किंवा एफएमआरआयमधून, म्हणजे मेंदूचं काम टिपणाऱ्या एमआरआयमधून, फक्त राखाडी द्रव्याचा संकेत काढायचा असेल, तर असे आकडे हवेत. या लेखात मी हे आकडे धरते: ० हवा, १ त्वचा, २ कवटी, ३ मेंदूजल, ४ राखाडी द्रव्य, ५ श्वेत द्रव्य.

सामग्री म्हणून पायथन ही भाषा आणि तिच्या चार लायब्ररी पुरे: स्कॅनच्या फायली वाचायला निबाबेल, गणिताला नमपाय आणि सायपाय, मेशसाठी ट्रायमेश. फ्रीसर्फर लिनक्स आणि मॅकवर चालतं. विंडोजवाल्यांनी विंडोजमधली लिनक्सची सोय वापरावी. परवान्याची फाइल नोंदणी केली की मोफत मिळते. सरावासाठी स्वतःचा स्कॅन लागत नाही. एमएनई-पायथन ही आणखी एक लायब्ररी 'एफएसअॅव्हरेज' नावाचा सरासरी मेंदू कवटी-त्वचेच्या मेशसकट उतरवून देतं. पुढे खरा स्कॅन हाती आला की फ्रीसर्फरचं 'रेकॉन-ऑल', म्हणजे स्कॅनवरून मेंदूच्या मेश काढणारा आदेश, साध्या मशीनवर कित्येक तास चालतं. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारी, म्हणून इन्व्हर्टर नसेल तर बुधवारी रात्री ते सुरू करू नका.

पहिली पायरी: आधी गोळे, मग मेंदू

हे कुणालाच आवडत नाही, सगळ्यांना थेट मेंदूवर जायचं असतं. तरी मी प्रत्येकाकडून एक दिवस गोळ्यांवर काम करून घेतेच. ट्रायमेशमधून ८०, ८५ आणि ९२ मिलिमीटर त्रिज्येचे तीन गोळे एकाच केंद्राभोवती तयार करा. गोळ्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असतं: ८० मिमीच्या गोळ्याचं आकारमान सुमारे २१४५ घन सेंटिमीटर, ८५ चं सुमारे २५७२. म्हणजे मधली 'कवटी' सुमारे ४२८ घन सेंटिमीटरची निघायला हवी. मेशचे त्रिकोण गोळ्याच्या किंचित आतून जातात, म्हणून उत्तर केसभर कमी येईल, आणि ते बरोबरच आहे.

गोळ्यांचं केंद्र शून्यावर मात्र ठेवू नका. शून्यावरचा गोळा डावं-उजवं उलटलं, वर-खाली उलटलं, अक्षांची अदलाबदल झाली तरी तसाच दिसतो आणि कुठलीच चूक पकडून देत नाही. केंद्र मुद्दाम हलवा: उजवीकडे २०, पुढे ५, खाली १०. हे आकडे तिसऱ्या पायरीत लागतील.

दुसरी पायरी: मेश खरंच बंद आहे का

भांड्याला भोक असेल तर त्यात पाणी राहत नाही. मेशला भोक असेल तर 'आत' या शब्दाला अर्थ राहत नाही. बंद आणि गोळ्यासारख्या, म्हणजे हँडल नसलेल्या मेशसाठी ऑयलरचा नियम लागू होतो: शिरोबिंदू उणे कडा अधिक त्रिकोण बरोबर २. त्यातूनच एक सोपं सूत्र निघतं: त्रिकोणांची संख्या म्हणजे शिरोबिंदूंची दुप्पट उणे चार. एफएसअॅव्हरेजच्या एका गोलार्धात १,६३,८४२ शिरोबिंदू असतात. दुप्पट करून चार वजा केले की ३,२७,६८० येतात, आणि फाइलमध्ये नेमके तेवढेच त्रिकोण असतात. हे तोंडी करता येतं, म्हणून मी ते आधी करते आणि मगच ट्रायमेशला 'वॉटरटाइट आहे का' असं विचारते.

मग मेशचं आकारमान काढा. प्रत्येक त्रिकोण आणि मूळबिंदू मिळून एक चतुष्फलक होतो. त्या सगळ्यांच्या चिन्हांसकट आकारमानांची बेरीज म्हणजे मेशचं आकारमान. ते ऋण आलं तर त्रिकोणांची तोंडं उलटी आहेत, ती फिरवून घ्या. हा आकडा वहीत टिपून ठेवा. शेवटच्या तपासणीत त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नसतं.

पिअल मेशमध्ये कुठे कुठे त्रिकोण एकमेकांत घुसलेले असतात, विशेषतः खोल खाचांच्या तळाशी. असे मोजके त्रिकोण असले तर घाबरू नका. शेकड्याने असतील तर दुरुस्तीच्या मागे न लागता मूळ स्कॅनची गुणवत्ता बघा. बहुधा माणूस स्कॅनमध्ये हललेला असतो.

तिसरी पायरी: सगळे एकाच जागेत आणा

इथे सावकाश वाचा.

फ्रीसर्फर काम सुरू करताना स्कॅन २५६ × २५६ × २५६ च्या, एक मिलिमीटरच्या ठोकळ्यात बसवून घेतं. त्याच्या पृष्ठभागांचे निर्देशांक मोजले जातात ते या ठोकळ्याच्या मध्यापासून. एमआरआय यंत्राचा स्वतःचा शून्यबिंदू वेगळा असतो. दोन्ही पद्धतींत पहिला अक्ष उजवीकडे, दुसरा पुढे, तिसरा वर. मापही मिलिमीटरमध्येच. म्हणून दोन्ही आकडे सारखेच वाटतात आणि फसवतात. पहिलीला पृष्ठभागाचे निर्देशांक म्हणू, दुसरीला स्कॅनरचे. या दोहोंतला फरक म्हणजे तीन आकड्यांचं एक अंतर, ज्याला फ्रीसर्फरमध्ये 'सी-आरएएस' म्हणतात. पृष्ठभागाच्या निर्देशांकात ते मिळवलं की स्कॅनरचे निर्देशांक होतात.

त्या मुलीच्या फायलींत काय झालं होतं? मेंदूच्या मेश फ्रीसर्फरमधून सरळ वाचलेल्या, म्हणजे ठोकळ्याच्या मध्यापासून मोजलेल्या. कवटी आणि त्वचा दुसऱ्या साधनातून आलेली, स्कॅनरच्या निर्देशांकात. त्या स्कॅनचं पुढे-मागे दिशेतलं अंतर होतं उणे २६ मिलिमीटर. ते मिळवायचं राहिलं, म्हणून मेंदू २६ मिलिमीटर पुढे राहिला आणि कपाळातून बाहेर आला.

माझ्या वेळी ते अंतर उणे ४ होतं. मेंदू कपाळातून बाहेर आला नाही, चित्र छान दिसत होतं. मी प्रकाशाची गणितं चालवली, आलेख काढले. मग एका दुपारी आडवा काप मोठा करून पाहत होते, तेव्हा कपाळामागे मेंदूजलाचा थर जवळजवळ नाहीसा झालेला दिसला आणि डोक्याच्या मागच्या बाजूला तो नको इतका जाड. उताणं झोपलेल्या माणसाचा मेंदू किंचित मागे सरकतो, म्हणजे पुढचं अंतर उलट जास्त असायला हवं. दोन आठवड्यांचे आलेख टाकून द्यावे लागले.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. मेशला मेशशी जुळवत बसायचं नाही. प्रत्येक मेशला तिच्या स्वतःच्या मॅट्रिक्सने, म्हणजे एका जागेतले निर्देशांक दुसऱ्या जागेत नेणाऱ्या आकड्यांच्या तक्त्याने, थेट व्हॉक्सेलच्या क्रमांकात आणायचं. निबाबेलमध्ये एमजीझेड फाइलच्या (फ्रीसर्फर आपला ठोकळा ज्या प्रकारात साठवतं तिच्या) शीर्षकातून दोन मॅट्रिक्स मिळतात: एक व्हॉक्सेलपासून स्कॅनरकडे नेणारं, दुसरं व्हॉक्सेलपासून पृष्ठभागाच्या निर्देशांकाकडे नेणारं. जी मेश ज्या जागेतली, तिला त्या मॅट्रिक्सच्या व्यस्ताने गुणा. दोन्ही एकाच क्रमांकांवर येऊन उतरतात आणि मधलं अंतर मिळवायचं की वजा करायचं हा प्रश्नच उरत नाही.

एक बिंदू हाताने करून पाहा. पृष्ठभागाच्या निर्देशांकात तो डावीकडे ३०, पुढे २०, वर ४० असा आहे, म्हणजे (−३०, २०, ४०). फ्रीसर्फरच्या ठोकळ्यात पहिला क्रमांक उजवीकडून डावीकडे वाढतो, म्हणून १२८ उणे −३०, म्हणजे १५८. दुसरा वरून खाली वाढतो: १२८ उणे ४०, म्हणजे ८८. तिसरा मागून पुढे: २० अधिक १२८, म्हणजे १४८. व्हॉक्सेल झाला (१५८, ८८, १४८). दुसरी आणि तिसरी जागा कशी आलटूनपालटून आली ते लक्षात घ्या. गोळ्यांचं केंद्रही असंच काढा. ते (१०८, १३८, १३३) वर यायला हवं. आलं नाही तर पुढे जाऊच नका.

आणखी दोन खड्डे याच रस्त्यावर आहेत. पहिला अर्ध्या व्हॉक्सेलचा. निबाबेलच्या हिशेबात पूर्ण क्रमांक म्हणजे व्हॉक्सेलचं केंद्र, त्याचा कोपरा नव्हे. काही साधनं कोपरा धरतात, मग सगळं अर्ध्या मिलिमीटरने सरकतं. राखाडी द्रव्याची जाडी सरासरी अडीच मिलिमीटर, त्यात अर्धा म्हणजे थोडा नाही. दुसरा खड्डा थ्रीडी स्लायसर या दुसऱ्या प्रोग्रामकडून येणाऱ्या मेशचा. अलीकडच्या आवृत्त्या मेश फायली साठवताना पहिला अक्ष डावीकडे आणि दुसरा मागे असा धरतात. तसं असेल तर पहिल्या दोन निर्देशांकांची चिन्हं बदलून घ्या.

चौथी पायरी: ग्रिड किती बारीक

शाळेत आलेखाच्या कागदावर पिंपळाचं पान ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवलेली आठवते का? आतले पूर्ण चौकोन मोजायचे, निम्म्याहून जास्त भरलेला एक धरायचा, निम्म्याहून कमी असेल तर सोडायचा. आपण तेच करतोय, फक्त तीन दिशांत. चौकोन जितका लहान, तितकी कड खरी.

लहान चौकोनांची किंमत मात्र मोजावी लागते. २५६ चा ठोकळा म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक व्हॉक्सेल. एका बाइटचा आकडा ठेवला तर १६ मेगाबाइट. अर्ध्या मिलिमीटरवर गेलं की हेच आठपट, १२८ मेगाबाइट. आणि नमपायने नकळत आठ बाइटचे दशांश आकडे वापरले तर एक गिगाबाइट, तोही एकेका थरासाठी. म्हणून प्रकार पहिल्यापासून आठ-बिटी पूर्णांक ठेवा. डोक्याबाहेरची हवा कापून टाकली तरी बरीच जागा वाचते, पण कापलं की मॅट्रिक्सही बदलतं, हे विसरू नका.

माझा सल्ला असा: सराव १ मिमीवर करा, आणि प्रकाशाचं किंवा विद्युत क्षेत्राचं गणित करायचं असेल तर अर्ध्यावर जा. कानशिलाजवळ कवटी पातळ असते, तिथे एक व्हॉक्सेल जाडीचा थर तिरका झाला की त्यात फट पडते आणि हाडातून आरपार वाट तयार होते.

पाचवी पायरी: आत की बाहेर

सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याचा विचार करा. तुम्ही रस्त्यावरून नाकासमोर सरळ चालत निघालात आणि वाटेत आलेल्या बाहेरच्या भिंती मोजल्या. एक ओलांडली तर वाड्याच्या आत, दोन ओलांडल्या तर पलीकडच्या बोळात. विषम म्हणजे आत, सम म्हणजे बाहेर. वाड्याचा आराखडा कितीही वेडावाकडा असला तरी हा नियम बदलत नाही. मेंदूच्या वळ्यांनाही तो तसाच लागू पडतो.

प्रत्येक व्हॉक्सेलमधून वेगळी रेषा सोडायची गरज नसते. पहिल्या अक्षाच्या दिशेने एकेका ओळीतून एकच रेषा आरपार काढा. १ कोटी ६७ लाखांऐवजी २५६ गुणिले २५६, म्हणजे ६५,५३६ रेषांत काम भागतं. एका ओळीत रेषेने मेशला ४१.३, ४४.८, ९७.२ आणि १०३.६ या जागी छेदलं असं समजा. जोड्या लावा. पहिल्या जोडीत ४२, ४३, ४४ आत येतात. दुसऱ्या जोडीत ९८ ते १०३. मधला पट्टा बाहेर. तो एखाद्या खाचेतला मेंदूजलाचा भाग असेल. असं सगळ्या ओळींचं झालं की एका मेशचा आत-बाहेरचा मुखवटा तयार, म्हणजे आतल्या व्हॉक्सेलांत १ आणि बाहेरच्यांत ० असलेला ठोकळा.

अडचण येते ती रेषा नेमकी त्रिकोणाच्या कडेवरून किंवा शिरोबिंदूतून गेली की. तेव्हा एकच छेद दोनदा मोजला जातो किंवा मुळीच मोजला जात नाही, आणि त्या ओळीभर एक लांब रेघ चुकीची भरते. कापात अशी रेघ दिसली की कारण शोधत बसू नका, हेच असतं. उपाय सोपा आहे: सगळ्या रेषा व्हॉक्सेलच्या हजाराव्या भागाइतक्या बाजूला सरकवा. तरी ज्या ओळीत छेद विषम आले ती वेगळी नोंदवा. मी तिन्ही अक्षांवरून तीन मुखवटे काढते आणि दोघांचं मत जिकडे, तो निकाल धरते. वेळ तिप्पट लागतो, पण पुढचा मनस्ताप वाचतो.

आणखी एक पद्धत आहे, घनकोनाची. बिंदूवर उभं राहून चहूकडे पाहिलं आणि मेशने दृष्टीचा किती भाग व्यापला ते मोजलं, तर आत असलेल्या बिंदूसाठी उत्तर ४π येतं, बाहेरच्यासाठी शून्य. एका त्रिकोणाचा घनकोन काढायचं सुटसुटीत सूत्र १९८३ मध्ये व्हान ऊस्टरोम आणि स्ट्रॅकी यांनी दिलं. मेशला बारीक भोक असलं तरी ही पद्धत कोसळत नाही, उत्तर फक्त ४π च्या जरा खाली येतं. ती हळू चालते, म्हणून मी ती सगळीकडे न वापरता सीमेजवळच्या शंकास्पद व्हॉक्सेलपुरती ठेवते.

साल रंगवून आत रंग ओतायची पद्धतही तुम्हाला कुणीतरी सुचवेल. त्रिकोण ज्या व्हॉक्सेलांना स्पर्श करतात ते सगळे भरायचे, मग पोकळी सायपायने बुजवायची. जलद आहे, पण सालीचे सगळे व्हॉक्सेल आत धरले गेल्याने प्रत्येक थर साधारण अर्ध्या व्हॉक्सेलने फुगतो. त्वचेसाठी चालेल. पिअलसाठी वापरू नका, अरुंद खाचा त्यात बुजून जातात.

सहावी पायरी: थर एकावर एक

आता हातात सात मुखवटे आहेत. डावा-उजवा पिअल आधी एक करा, 'हा किंवा तो' अशा पद्धतीने. बेरीज नको, कारण दोन गोलार्ध जिथे एकमेकांना टेकतात तिथे काही व्हॉक्सेल दोन्हींत येतात आणि दोनदा मोजले जातात. व्हाइटचंही तसंच. उरले पाच मुखवटे: त्वचा, बाहेरची कवटी, आतली कवटी, पिअल, व्हाइट.

रंगारी आधी अस्तर देतो आणि मग वरचा हात मारतो, तसं बाहेरून आत जा. त्वचेच्या आतलं सगळं १ ने भरा, बाहेरच्या कवटीच्या आतलं २ ने, मग ३, ४, ५. नंतरचा आकडा आधीचा पुसतो. लेबल तयार.

बहुतेक जण इथे थांबतात. तुम्ही अजून एक काम करा: त्याच पाच मुखवट्यांची नुसती बेरीज करा. थर खरोखर एकात एक असतील तर बेरीज आणि रंगवलेलं लेबल सगळ्या व्हॉक्सेलांत तंतोतंत सारखं येतं. श्वेत द्रव्यातला बिंदू पाचांच्याही आत, बेरीज ५. कवटीतला बिंदू दोघांच्या आत, बेरीज २. आता त्या मुलीच्या भुवयांपुढचा व्हॉक्सेल घ्या. तो पिअलच्या आत, पण त्वचा आणि कवटी दोन्हींच्या बाहेर. मुखवटे ०, ०, ०, १, ०. रंगवून लेबल आलं ४, बेरीज आली १. दोन्ही ठोकळ्यांची वजाबाकी केली की नेमके असे व्हॉक्सेल उजळून उठतात. एका ओळीची ही तपासणी मला तेव्हा सुचली असती तर ते दोन आठवडे वाचले असते.

कपाळापासून आत जाणारी एक ओळ वाचून पाहायची सवयही लावून घ्या. ती साधारण अशी दिसते: ००११११२२२२२२३३४४४५५५५. मध्येच २ नंतर थेट ४ आला, तर राखाडी द्रव्य हाडाला चिकटलं आहे. एखाद्या ठिकाणी ते खरंही असेल, पण मोठ्या पट्ट्यात तसं दिसलं तर आतल्या कवटीची मेश आत सरकलेली आहे.

मग दुरुस्ती कोणाची करायची, मेंदूची की कवटीची? माझं मत ठाम आहे: मेंदूला हात लावू नका. साध्या टी-वन प्रकारच्या एमआरआय स्कॅनमध्ये हाड आणि मेंदूजल दोन्ही काळपट दिसतात, त्यामुळे आतल्या कवटीची सीमा मुळातच अंदाजाची असते. पिअल मात्र राखाडी द्रव्याच्या स्पष्ट कडेवर बसवलेला असतो. म्हणून आतून बाहेर सरका. पिअलचा मुखवटा एका व्हॉक्सेलने फुगवा आणि तो आतल्या कवटीच्या मुखवट्यात मिसळा. आतली कवटी दोन व्हॉक्सेलने फुगवून बाहेरच्या कवटीत मिसळा. तीच रीत त्वचेसाठी. नंतर पुन्हा रंगवा, पुन्हा बेरीज करा. फरक शून्य यायला हवा. मात्र बिघडलेले व्हॉक्सेल हजारोंनी असतील तर ही मलमपट्टी करू नका, तिसऱ्या पायरीकडे परत जा.

जे मेशमध्ये नाही ते

पिअल आणि व्हाइट हे फक्त मोठ्या मेंदूचे पृष्ठभाग आहेत. लहान मेंदू आणि मेंदूचा देठ त्यांच्या बाहेर राहतात, म्हणजे वरच्या रीतीने त्यांना ३ मिळतो, मेंदूजलाचा आकडा. उलट, व्हाइटच्या आत थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या गाभ्यातला राखाडी भाग, आणि मेंदूजलाने भरलेल्या पोकळ्याही येतात आणि सगळ्यांना सरसकट ५ मिळतो. नवख्या माणसाला हे कापात दिसतं, पण तो त्याला स्वतःची चूक समजतो. चूक नाही, मेश एवढंच सांगते.

भर घालायची ती फ्रीसर्फरच्याच 'एसेग' फाइलमधून. तिच्यात मेंदूच्या प्रत्येक भागाला त्याचा आकडा दिलेला असतो, आणि तिचा ठोकळा तोच असतो. लहान मेंदूचं श्वेत द्रव्य ७ आणि ४६, त्याचा बाहेरचा थर ८ आणि ४७, देठ १६, बाजूच्या पोकळ्या ४ आणि ४३, तिसरी आणि चौथी पोकळी १४ आणि १५, थॅलॅमस १० आणि ४९. यांतले हवे ते आपल्या आकड्यांत बदलून शेवटी रंगवा. लहान मेंदूसाठी आतली कवटी पुन्हा एकदा तपासावी लागते, तिथे ती हमखास कमी पडते.

तपासणी

प्रत्येक मुखवट्यातले व्हॉक्सेल मोजा, एका व्हॉक्सेलच्या आकारमानाने गुणा आणि दुसऱ्या पायरीत वहीत टिपलेल्या मेशच्या आकारमानाशी ताडून पाहा. ताडायचे ते सहाव्या पायरीत फुगवण्याआधीचे मुखवटे. १ मिमीवर फरक एका टक्क्याच्या आत यायला हवा, हा माझा दंडक. त्याहून जास्त असेल तर रेघा भरल्यात किंवा मापाचा गोंधळ आहे.

फ्रीसर्फर स्वतःही असाच ठोकळा करून ठेवतं, त्याचं नाव 'रिबन'. त्यात डावं श्वेत द्रव्य २, डावी राखाडी पट्टी ३, उजवीकडे ४१ आणि ४२. आपल्या ४ आणि ५ ची त्याच्याशी तुलना करा, एसेगची भर घालायच्या आधी. सीमेवरचे एकेरी व्हॉक्सेल वेगळे निघतील, ते चालतं. एका बाजूला सलग पट्टा निघाला तर सरकलंय.

डोळ्यांनी पाहायचं तर फ्रीव्ह्यूमध्ये, म्हणजे फ्रीसर्फरच्या चित्रं दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, मूळ टी-वन स्कॅन, वर अर्धपारदर्शक लेबल आणि त्यावर मेशच्या रेषा, असं तिन्ही एकत्र लावा. मी नेहमी तीन जागा बघते: दोन गोलार्धांमधली मधली फट, कानशिलामागे मेंदूचं पुढे आलेलं टोक आणि डोळ्यांच्या वरचा भाग. डावं-उजवं चित्रावरून कधीच ओळखता येत नाही, डोकं दोन्हीकडून सारखंच दिसतं. स्कॅन स्वतःच घेणार असाल तर उजव्या कानापुढे ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवा, ती एमआरआयमध्ये पांढरी चमकते आणि बाजूचा वाद संपतो.

शेवटची चाचणी गळतीची. कवटीचे व्हॉक्सेल भिंत धरा आणि सायपायच्या जोडलेले-भाग शोधणाऱ्या फंक्शनने पाहा की मेंदूजलापासून हवेपर्यंत भिंत न ओलांडता वाट आहे का. वाट मिळाली तर तिथे हाडात भोक आहे. डोक्याचा ठोकळा खाली मानेजवळ कापलेला असेल तर तिथून वाट मिळणारच, तेवढी सोडून द्या.

साठवताना

आठ-बिटी पूर्णांक, संकुचित निफ्टी फाइल (मेंदूच्या चित्रांचा सर्वमान्य प्रकार), आणि त्यात ज्या ठोकळ्यावर लेबल काढलं त्याचंच स्कॅनर-मॅट्रिक्स. पुढे कुणी हा ठोकळा दुसऱ्या मापात नेणार असेल तर त्याला बजावून सांगा की 'सर्वांत जवळचा' हाच पर्याय निवडायचा. सरासरी घेणारा पर्याय निवडला तर पोकळीतलं मेंदूजल ३ आणि श्वेत द्रव्य ५ यांच्या मध्ये ४ येतो, आणि जिथे राखाडी द्रव्य नाही तिथे ते उगवतं.

खऱ्या माणसाच्या त्वचेची मेश म्हणजे त्याचा चेहराच असतो, नाक-डोळे-हनुवटीसकट. ओळखीच्या माणसाला तो पाहताक्षणी ओळखता येतो. अशी फाइल ग्रुपवर टाकू नका. दाखवायचीच असेल तर चेहऱ्याचा भाग कापून द्या.

फाइलशेजारी साध्या मजकुराची एक छोटी फाइल ठेवा. आमच्याकडे तिच्या पहिल्या ओळीत सी-आरएएसचे तीन आकडे असतात, दुसऱ्या ओळीत कुठली मेश कुठल्या जागेतून आली ते, तिसरीत लेबलांचे अर्थ आणि चौथीत बेरीज-चाचणीत वेगळे निघालेले व्हॉक्सेल किती. त्या मुलीच्या फाइलमध्ये आता चौथ्या ओळीत ० आहे.